पाचवा की सहावा

नवी तपासणी सुरू केल्याने मोठ्या डॉक्टरांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून टाकू. म्हणजे पुढे कोणावर किती रागवायचं याचा अंदाज येईल.

त्यांच्या क्लिनिकमध्ये शंभर जणींच्या गर्भाशयात भ्रूण ठेवलं, तर अडतीस जणींचं रुजत असे. आकडा वाईट नव्हता. पण रस्त्याच्या पलीकडे दुसरं क्लिनिक उघडलं आणि त्यांनी दर्शनी काचेवर माणसाच्या उंचीचा 'पन्नास' रंगवला. मोठे डॉक्टर रोज सकाळी गाडी लावायचे ती नेमकी त्या काचेसमोर. म्हणजे दिवसाची सुरुवातच बारा टक्क्यांच्या तुटीने. अशात तपासणी विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. त्याने बॅगेतून एक आलेख काढला. त्यात तपासणीने लाल ठरवलेली भ्रूणं बाजूला केली की उरलेल्यांतली निम्मी रुजत होती. निम्मी म्हणजे पन्नास. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. दर तपासणीमागे क्लिनिकला थोडा हिस्सा देऊ, असंही तो माणूस म्हणाला. त्याला मात्र डॉक्टरांनी साफ नकार दिला. हे त्यांच्या जमेला आत्ताच लिहून ठेवू, कारण पुढे ती बाजू जरा रिकामी दिसणार आहे.

तपासणी समजायला अवघड नाही. बाईची अंडी काढायची, शुक्राणूंशी त्यांचा मेळ घालायचा आणि तयार झालेली भ्रूणं पाच-सहा दिवस लॅबमध्ये वाढवायची. मग भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या चार-पाच पेशी काढून कंपनीकडे धाडायच्या आणि भ्रूण गोठवून टाकीत ठेवायचं. प्रत्येक पेशीत बारीक बारीक वीजघरं असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना, आणि त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. कंपनीचं म्हणणं असं की हा डीएनए फार भरला, तर समजावं भ्रूण अडचणीत आहे, जास्तीची वीजघरं चालवून कसंबसं तग धरतंय. शांत बसलेलं चांगलं, धापा टाकणारं वाईट. धापा किती, त्याचा एक आकडा यायचा. मर्यादेच्या आत असला तर अहवाल हिरवा, बाहेर गेला तर लाल. लाल भ्रूण पोटात ठेवायचं नाही, असा मोठ्या डॉक्टरांनी नियम केला. नियम असला की पेशंटच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, कागदात बघून बोलता येतं.

लॅब ज्यांच्या ताब्यात होती, त्या बाईंना सगळे पाठीमागे शून्यबाई म्हणत, आणि ते त्यांना पुरतं माहीत होतं. बावीस वर्षं भ्रूणं सांभाळलेली बाई. हाताखाली नवी मुलगी आली की पहिला धडा एकच: अंडी काढली तो दिवस शून्य. एक नाही, शून्य. "तू जन्मलीस त्या दिवशी एक वर्षाची होतीस का?" असं विचारायच्या. मुलगी नाही म्हणाली की म्हणायच्या, "मग?" एवढ्यावर शिकवणी संपली.

त्यांना या तपासणीतून काहीच मिळायचं नव्हतं. उलट एक फॉर्म वाढला. त्यावर 'पेशी काढल्याचा दिवस' अशी चौकट होती आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात सूचना: अंडी काढल्याचा दिवस पहिला धरावा. शून्यबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "यांच्याकडे माणसं जन्माला येतात ती वर्षाची होऊनच येतात वाटतं," म्हणाल्या. पण दुसऱ्याच्या फॉर्मात दुसऱ्याचा हिशेब. त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर 'कंपनीचा फॉर्म: एक मिळवा' असं लिहून ती कॉम्प्युटरच्या कपाळाला चिकटवली. आणि त्याच संध्याकाळी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं, की सगळ्या लॅब शून्यापासून मोजतात, तुम्ही एकटे निराळे कोण लागून गेलात.

आता शिवणवाली. तिला काय मिळणार होतं हे सांगायला एक शब्द पुरतो: मूल. वय एकेचाळीस. रस्त्याकडे दार असलेल्या पुढच्या खोलीत मशीन, मागे संसार. शाळेचे गणवेश आणि बायकांचे कपडे शिवायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर दुसऱ्यांना वर पोचवायचा आणि स्वतःच्या घरी जिन्याने यायचा. दोघं हे दोनदा करून बसलेले होते, दोन्ही वेळा रुजलं नव्हतं. ही तिसरी आणि शेवटची खेप, कारण अंडीही संपत आली होती आणि बँकेतलंही.

घरात सासूबाई होत्या. स्वयंपाकघराच्या दारामागे त्यांचं कॅलेंडर, ज्यावर दुधाच्या खुणा, गॅस कधी लावला त्याची खूण, आणि या महिन्यात भ्रूणांच्याही खुणा. गुरुवारच्या चौकोनात: अंडी नऊ. शुक्रवारी: सहा. रविवारी: तीन. मंगळवारी: एक. जवळच 'दूध जास्त अर्धा लिटर'. क्लिनिकमधून रोज फोन यायचा आणि सून ऐकून सांगेल ते सासूबाई मांडून ठेवायच्या. नऊचे एक झाले, तरी खोडाखोड नाही. त्यांच्या मते, खाली येणारा आकडा नीट लिहिला तर त्याला लाज वाटून तो थांबतो.

आणि तो एकावर थांबलाच. त्या एका भ्रूणाची गुणसूत्रंही नीट निघाली. आता फक्त वीजघरांचा अहवाल यायचा होता.

आला तो लाल.

"एकतीस," मोठे डॉक्टर कागदात बघत म्हणाले. "सहाव्या दिवसाच्या भ्रूणाला अठ्ठावीसपर्यंत चालतं."

"तीनने गेलं," शिवणवाली म्हणाली.

"असं तीनने वगैरे नसतं. मर्यादेच्या बाहेर ते बाहेर."

"तीन इंच असते तर मी शिलाई उसवून दिली असती."

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी कागद खाली ठेवला. "तुम्हाला खोटी आशा लावून पाठवलं, तर तो तुमच्यावर अन्याय आहे. आम्ही लाल ठेवत नाही. हा संमतीचा कागद घरी न्या. महिनाभरात सही करून द्या, मग आम्ही ते काढून टाकू. नाहीतर टाकीचं भाडं भरून ठेवता येईल, पण ठेवून करायचं काय?"

"ही वीजघरं येतात कुठून?" तिने उठता उठता विचारलं.

"आईकडून. वडिलांकडून येत नाहीत. आई, तिची आई, तिची आई, अशी सरळ रेघ."

डॉक्टरांनी ही माहिती म्हणून सांगितली. तिने ती निकाल म्हणून घरी नेली.

घरी तीन दिवस तिने मशीनवरून मान वर केली नाही. गिऱ्हाइकांना "बुधवारी या" एवढंच. चौथ्या दिवशी सासूबाईंनी जेवताना विषय काढला.

"ते वीजघराचं काय म्हणालीस, पुन्हा सांग बघू."

"आई, ते फक्त बाईकडून येतं. माझ्याकडून. माझ्या आईकडून, आजीकडून."

"म्हणजे आमच्या घराण्याचं त्यात काहीच नाही?"

"काहीच नाही."

"सुटलो मग. याच्या बापाकडून आलं असतं, तर दुपारी जेवणानंतर वीजच नसती."

"आई, बाबांना जाऊन दहा वर्षं झाली," लिफ्टवाला म्हणाला.

"म्हणून काय कामसू झाले?"

लिफ्टवाला हसला. शिवणवालीने ताट बाजूला सारलं. "तुमच्या मुलाचं सगळं नीट होतं. बिघाड माझ्या माहेरचा आहे. तसं तोंडावर म्हणालात तरी चालेल."

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुझी आई ब्याऐंशी वर्षांची. परवा तीन जिने चढून आली आणि वर येऊन मलाच म्हणाली, तुम्ही दमलेल्या दिसता. तिच्या वीजघरात बिघाड असेल, तर माझी जोडणी आजच तोडून टाका." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सही केलीस?"

"नाही अजून."

"करू नकोस. निदान महिना संपू दे, मी दुधाचा हिशेब करते तोवर."

दुधाचा आणि सहीचा काय संबंध, ते कोणी विचारलं नाही. वडीलधाऱ्या माणसांना वेळ मागून घ्यायचा असला की अशीच कारणं सुचतात.

महिना संपला. सासूबाई चष्मा लावून कॅलेंडरचं पान घेऊन बसल्या आणि दूध मोजता मोजता बोट भ्रूणांवर आलं. तो लाल अहवालही तिथेच, मीठदाणीखाली दाबून ठेवलेला.

"सहावा दिवस म्हणतायत ना हे? मंगळवारी पेशी काढल्या. गुरुवार एक, शुक्रवार दोन, शनिवार तीन, रविवार चार, सोमवार पाच, मंगळवार सहा. बरोबर आहे बाई त्यांचं. मला वाटलं काही तरी सापडेल."

शिवणवाली मशीनवर होती. पाय थांबला. "आई, त्या मंगळवारी फोनवर लॅबमधली मुलगी म्हणाली होती, आज पाचवा दिवस, पेशी काढून गोठवतोय."

"चुकून म्हणाली असेल."

"तुम्ही लिहिलंय का?"

सासूबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. 'एक' च्या खाली, अर्ध्या लिटरच्या वर, बारीक अक्षरात होतंच: पाचवा.

"आमच्यात पण असंच असतं," लिफ्टवाला कॅलेंडर बघत म्हणाला. "काही इमारतींत तळमजला शून्य, काहींत एक. मला फोन येतो, पाचव्या मजल्यावर अडकलोय, आणि मी भलत्याच दाराशी उभा."

"म्हणजे दोन्ही खरंच," सासूबाई म्हणाल्या. "एकच मजला, नावं दोन."

शिवणवालीने गळ्यातली टेप काढून हातात धरली. जुनी टेप, टोकाची पितळी पट्टी निघालेली, पहिला इंच झिजून गेलेला. त्यामुळे ती नेहमी एकच्या खुणेपासून धरायची आणि आलेल्या मापातून एक वजा करायची. हाताला इतकं सवयीचं की आता कळतही नसे. मात्र मागच्या वर्षी तिने नवीकोरी टेप आणली होती. पहिला आठवडाभर ती शून्यापासून धरत होती आणि तरी एक वजा करत होती. त्या आठवड्यात अर्धी शाळा आखूड बाह्या घालून फिरली. शेवटी तिने नवी टेप ड्रॉवरमध्ये टाकली आणि जुनी परत गळ्यात घातली.

"अहो, दोन्ही खरं आहे, पण दोन्ही एकाच कागदावर नाही चालणार," ती म्हणाली. "कोण कुठून मोजतंय ते विचारायला हवं."

दुसऱ्या दिवशी ती कॅलेंडरचं पान, अहवाल आणि गळ्यात तशीच राहिलेली टेप घेऊन क्लिनिकमध्ये गेली. लॅबला पेशंटसाठी दार नसतं, एक लहान खिडकी असते. तिथे ती वीस मिनिटं उभी राहिली. शेवटी निळी टोपी घातलेल्या शून्यबाई खिडकीत आल्या.

"तुमचं डॉक्टरांशी बोलणं झालंय ना?"

"झालंय. मला एकच विचारायचंय. माझ्या पेशी पाचव्या दिवशी काढल्या की सहाव्या?"

"पाचव्या. माझ्या हातानेच काढल्या."

"इथे सहा लिहिलंय."

"ते कंपनीचं मोजणं आहे. ते एकपासून मोजतात, म्हणून आम्ही एक मिळवून पाठवतो. त्यांचा सहावा म्हणजे आपला पाचवा. त्यात चूक नाही." शून्यबाई खिडकी लावायला निघाल्या, पण बाईच्या हातातलं दुधाच्या खुणांचं पान बघून थांबल्या. बावीस वर्षांत अशा खिडकीवर लोकांनी पेढ्यांपासून शापांपर्यंत सगळं आणलं होतं. कॅलेंडर पहिल्यांदाच.

"मी शिवणकाम करते," शिवणवाली म्हणाली. "माझी टेप एकपासून सुरू होते, म्हणून मी एक वजा करते. ठीक चालतं. पण एकदा मी टेप बदलली आणि हात बदलायला विसरले." तिने टेपचं झिजलेलं टोक खिडकीच्या कडेवर ठेवलं. "कंपनीने टेप तर बदलली नाही ना, एवढंच विचारायला आले होते."

शून्यबाईंनी ते झिजलेलं टोक बघितलं. "बसा," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

कॉम्प्युटरवर त्यांनी फॉर्म उघडला. चौकटीखालची मुंगीएवढी सूचना तिथे नव्हतीच. त्या शोधत तिसऱ्या पानाच्या तळाशी गेल्या. तिथे राखाडी अक्षरात होतं: सुधारित, अंडी काढल्याचा दिवस शून्य धरावा. खाली तारीख, सात महिन्यांपूर्वीची.

तारीख त्यांच्या ओळखीची होती. त्याच आठवड्यात कंपनीचं आभाराचं पत्र आलं होतं: आपल्या मौल्यवान सूचनेनुसार आम्ही मोजणी बदलली आहे. शून्यबाईंनी ते छापून सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या. पत्र अजून फळ्यावर टाचणीने लावलेलं होतं. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, कॉम्प्युटरच्या कपाळाला, पिवळी चिठ्ठी: एक मिळवा.

आळशी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याने ना पत्र लिहिलं असतं, ना चिठ्ठी.

शून्यबाईंनी चिठ्ठी काढली नाही. तिच्याखाली बसून त्यांनी सात महिन्यांची नोंदवही उघडली. भ्रूण वाढतं तसा वीजघरांचा तोच साठा वाढत्या पेशींत वाटला जातो, म्हणून पाचव्या दिवशी एकेका पेशीत तो जास्त असतो आणि मर्यादाही सैल असते: पस्तीस. सहाव्या दिवशी अठ्ठावीस. पाचव्याची भ्रूणं सहाव्याच्या मापाने मोजली गेली होती. अकरा लाल अहवालांपैकी सात लाल नव्हतेच. शिवणवालीचा एकतीस त्यातला एक. सातपैकी पाच भ्रूणं अजून टाकीत होती. दोन नव्हती. दोन जोडप्यांनी सह्या करून दिल्या होत्या, आणि सहीखाली लॅबची सही होती. ती त्यांचीच.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत त्या वही घेऊनच गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, दोनदा मोजून बघितलं, आणि बोलले ते आधी शहाण्या माणसासारखं.

"शिवणवाल्या बाईंचा अहवाल आजच दुरुस्त करून घ्या. त्यांचं पुढच्या पाळीला ठेवू. बाकी चौघींना पण बोलवा, सांगा की पुन्हा तपासलं, हिरवं निघालं. ही चांगली बातमी आहे, त्यांना चालेल."

"आणि त्या दोघी?"

डॉक्टरांनी पेन उघडलं, बंद केलं. "त्यांना सांगून काय हाती लागणार, बाई? जे होतं ते गेलं. त्या रडल्या, सावरल्या असतील. आता झोप लागत असेल. तीही आपण काढून घ्यायची?"

"झोप त्यांची आहे. ठेवायची की नाही हे आपण कसं ठरवायचं?"

"कोर्टात उभं करतील. तुमची नोकरीची दीड वर्षं राहिलीयत. सही तुमची आहे."

"म्हणूनच म्हणते. माझ्या सहीचा अर्थ त्यांना मीच सांगायला हवा." शून्यबाईंनी वही मिटली. "डॉक्टर, बावीस वर्षं मी पोरींना सांगत आलेय, चूक लपवली की ती दुसऱ्याच्या पोटात वाढते."

डॉक्टर खिडकीशी गेले. समोर काचेवर तो पन्नास होता, ऊन पडून जास्तच मोठा दिसत होता. आता त्यांच्या मनात बारा टक्के होते की दोन बायका, ते त्यांचं त्यांना ठाऊक. वळले तेव्हा म्हणाले, "पहिला फोन तुम्ही करा. दुसरा मी करतो." हेही त्यांच्या जमेला लिहावं लागेल. रिकामी बाजू अगदीच रिकामी राहिली नाही.

पहिल्या बाईने ऐकून घेतलं. ओरडली नाही. शून्यबाईंना ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"माझा आकडा किती होता?" तिने विचारलं.

"तीस."

"आणि चालतं किती?"

"पस्तीस."

"मी त्या दिवशी तुम्हाला खिडकीत येऊन विचारलं होतं. नक्की ना? तुम्ही म्हणालात, नक्की."

"हो. म्हणाले होते."

"मला लिहून द्या," ती बाई म्हणाली. "जे आत्ता बोललात ते सगळं. तुमच्या अक्षरात."

शून्यबाईंनी लिहून दिलं. दोन पानं भरली. कंपनीला लिहिलेल्या पत्राएवढीच.

दुसऱ्या घरी फोन नवऱ्याने उचलला. मोठ्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं. पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग तो माणूस हळू म्हणाला, "तिला सांगू नका. ती आत्ता कुठे हसायला लागलीय. मी सांगेन. कधीतरी." डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांनी दुपारी जे म्हटलं होतं, तेच संध्याकाळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. आणि त्याला ते म्हणायचा हक्क होता. डॉक्टर त्या दिवशी पेशंट न बघता घरी गेले.

शिवणवालीला बोलावून शून्यबाईंनी स्वतः सांगितलं. खिडकीतून नाही, बाहेर येऊन, टोपी काढून.

"म्हणजे माझ्या आईचं सगळं ठीक आहे," शिवणवाली म्हणाली. बाकी सगळं तिला नंतर सुचलं.

"ठीक आहे. पण एक सांगते, रागावू नका. हिरवं आहे म्हणून रुजेलच असं नाही. मी सात महिन्यांचं पुन्हा मोजलं. हिरवी म्हणून ठेवलेली वीस भ्रूणं होती, त्यांतली आठ रुजली. म्हणजे चाळीस टक्के. ही तपासणी नव्हती तेव्हा अडतीस होते. फुंकर मारली तर उडून जाईल एवढा फरक आहे."

"मग एवढा खटाटोप कशाला होता?"

शून्यबाईंनी तिच्याकडे बघितलं. "डॉक्टरांना आकडा हवा होता. तुम्हाला खात्री हवी होती. कंपनीकडे दोन्ही विकायला होतं."

"आणि तुम्हाला?"

"मला," शून्यबाई म्हणाल्या, "मी बरोबर आहे असं कोणीतरी छापून द्यायला हवं होतं. दिलं त्यांनी. फळ्यावर लावलंय."

पुढच्या महिन्यात भ्रूण ठेवलं. सासूबाई बाहेर बाकावर नवं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लिफ्टवाला येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्यांनी त्याला खाली बसवलं, "अरे, तू काय वर-खाली करतोयस, ड्युटीवर आहेस का?" बारा दिवसांनी रक्त तपासलं. रुजलं होतं. सासूबाईंनी त्या चौकोनात काहीच लिहिलं नाही. चढत्या आकड्याला दृष्ट लागते, तो न लिहिलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. शिवणवाली घरी आली आणि ड्रॉवरमधली नवी टेप काढून सासूबाईंच्या हातात दिली: "ही तुम्ही ठेवा आई, माझ्या हाताला लागू देऊ नका." आता ती स्वतःचेच कपडे दर पंधरवड्याला उसवते. हे काम ती फुकट करते.

टाकीतली बाकीची चार भ्रूणंही एकेक करून ठेवली. त्यांतलं एक रुजलं, तीन नाही. खरोखर लाल असलेल्या चारांपैकी एका जोडप्याने हट्टच धरला, म्हणून तेही ठेवलं, तेही रुजलं. आलेखाला काय वाटलं असेल कोण जाणे.

आता कोणी किती भरलं ते. कंपनीने 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं एक ओळीचं पत्र पाठवलं आणि सूचना तिसऱ्या पानावरून पहिल्यावर आणली. तिचं एवढ्यावर भागलं. मोठ्या डॉक्टरांनी तपासणी बंद केली, सगळ्यांचे तपासणीचे पैसे परत केले, तिच्या जाहिरातीसाठी छापून आणलेली पत्रकं उलटी करून त्यांच्या पाठीवर मुली आता हिशेब लिहितात. गाडी ते मागच्या गल्लीत लावतात. पहिल्या बाईच्या वकिलाची नोटीस आलीय आणि डॉक्टरांनी तिला उत्तर देताना एक शब्दही नाकारला नाही. शून्यबाईंनी सहीचा अधिकार स्वतःहून सोडला. आता त्या दुसरीने सही केल्यावरच वही बंद करतात. आभाराचं पत्र उतरवलं, पिवळी चिठ्ठी मात्र त्यांनी फळ्यावर हलवली, आणि तिच्याखाली रोज बसतात. शिवणवालीने सव्वीस दिवस आपल्या आईच्या रक्ताला दोष दिला. ते दिवस कोणी परत केले नाहीत, पण तिने मागितलेही नाहीत. पहिली बाई सगळं जाणून भरते आहे, दोन पानं कपाटात ठेवून. दुसऱ्या घरात नवरा एकटा भरतो आहे, आणि बायको हसते आहे. ते खातं अजून उघडंच आहे.